मोटारीच्या शिशामागे लागलेली डॉक्टर

आय. सी. इंजिनच्या व्हायवात हमखास येणारा एक प्रश्न आहे. पेट्रोलचा ऑक्टेन नंबर वाढवायला पूर्वी त्यात काय मिसळत? आपण पोपटासारखं उत्तर देतो, टेट्राइथिल लेड. एक्स्टर्नल मान हलवतात, पुढच्या प्रश्नाकडे वळतात आणि आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण ते मिसळणं बंद का झालं, त्यापायी कोण मेलं आणि हे विष आहे, थांबा, असं भर सभेत कोणी सांगितलं, हे मात्र कोणी विचारत नाही. ऑटो, डिझेल, केटरिंग ही नावं आपल्याला पाठ असतात. डॉ. ॲलिस हॅमिल्टन हे नाव मी तरी थर्ड इयर संपेपर्यंत ऐकलं नव्हतं.

या बाई इंजिनिअर नव्हत्या, डॉक्टर होत्या. पण आयुष्याची चाळीसएक वर्षं त्यांनी दवाखान्यात कमी आणि कारखान्याच्या धुळीत जास्त काढली. मोटार रंगवणारा, बॅटरी भरणारा, गॅरेजात इंजिन उघडणारा माणूस जे श्वासातून आत घेतो, त्याचा हिशोब मांडायची सुरुवात ज्या मोजक्या लोकांनी केली, त्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे. आपल्या कॉलेजच्या गेटपासून हायवेपर्यंत गॅरेजांची रांग आहे. आपल्यापैकी अर्ध्याअधिक जणांच्या गाड्या तिथेच दुरुस्त होतात. म्हणून या बाईंची ओळख आपल्याला असायला हवी असं मला वाटतं.

ॲलिसचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ चा, न्यूयॉर्कचा. लहानपण मात्र गेलं इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावी. घर मोठं, पैसेवालं, चुलत भावंडांनी भरलेलं. मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवायची पद्धत होती. भाषा, इतिहास, वाचन भरपूर. गणित आणि विज्ञान जवळजवळ शून्य! थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक साहित्याची मोठी अभ्यासक झाली. १८८५ मध्ये वडिलांचा किराणा मालाचा घाऊक धंदा बुडाला आणि मुलींना स्वत:च्या पायावर उभं राहण्याचा विचार करावा लागला. ॲलिसनं डॉक्टरी निवडली. कारण असं की डॉक्टर जगात कुठेही गेला तरी कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडतो. फिजिक्स, केमिस्ट्रीचा पत्ता नसलेल्या या मुलीनं आधी शिकवणी लावून ते विषय पक्के केले आणि १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून एम. डी. झाली. एम थ्री मध्ये गटांगळ्या खाणाऱ्यांनी जरा धीर धरायला हरकत नाही!

पुढे दोघी बहिणी शिकायला जर्मनीत गेल्या, लाइपझिग आणि म्युनिकला. तिथे बायकांना वर्गात बसायची परवानगी मिळाली, पण कोणाच्या नजरेत येणार नाही अशा बेतानं. परत आल्यावर १८९७ मध्ये ॲलिसबाई शिकागोच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजी शिकवू लागल्या आणि राहायला गेल्या ‘हल हाऊस’मध्ये.

हे हल हाऊस म्हणजे आपल्या हॉस्टेलसारखंच काहीतरी, फक्त भलत्या वस्तीत वसलेलं. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ मध्ये ते सुरू केलं होतं. शिकली-सवरलेली माणसं तिथे गरीब वस्तीत, शेजाऱ्यांसारखी राहायची. आजूबाजूला इटलीहून, पोलंडहून, ग्रीसहून पोटासाठी आलेली कुटुंबं. ॲलिसबाईंनी तिथे तान्ह्या बाळांसाठी दवाखाना चालवला. आणि रोजच्या जाण्यायेण्यात त्यांच्या लक्षात येऊ लागलं की या वस्तीतले कर्ते पुरुष तिशी-चाळिशीतच म्हातारे होतायत. कोणाच्या पोटात मुरडा येऊन माणूस गडबडा लोळतोय, कोणाचे हात मनगटापासून लुळे पडलेत. हे सगळे कुठल्या ना कुठल्या कारखान्यात कामाला. पण कारखान्याचा आणि या दुखण्याचा संबंध जोडणारं अमेरिकेत जवळपास कोणी नव्हतंच.

युरोपात यावर पुस्तकं होती, कायदे होते. अमेरिकेतले मालक मात्र म्हणत, आमचे कारखाने आधुनिक, आमचे कामगार खाऊन-पिऊन सुखी, इथे कसली आलीय विषबाधा! इलिनॉय राज्यानं १९०८ मध्ये एक आयोग नेमला आणि १९१० मध्ये धंद्यांतून होणाऱ्या आजारांची पाहणी केली. पाहणीची सूत्रं बाईंकडे आली. त्यांनी स्वत:कडे घेतलेलं विष होतं शिसं.

आता इथे त्यांच्या कामाची पद्धत बघा. कामगाराला मालकासमोर विचारलं तर तो काय बोलणार? नोकरी जायची भीती. म्हणून बाई दवाखान्यांतली रजिस्टरं चाळायच्या, औषधवाल्यांना विचारायच्या, धर्मगुरूंना भेटायच्या आणि सरळ कामगाराच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात बसायच्या. बायका मोकळेपणानं बोलायच्या. एकदा एक पोलिश कामगार दोन्ही हात लुळे पडून इस्पितळात आलेला त्यांना सापडला. तो बाथटबला इनॅमल लावायच्या कामावर होता. बाई कारखान्यात जाऊन आल्या, पण तिथे धोक्याचं काहीच दिसेना. मग त्या कामगाराच्या घरी गेल्या तेव्हा कळलं की त्यांना दाखवलेली जागा भलतीच होती. खरं काम व्हायचं दुसऱ्या इमारतीत. तिथे तापून लाल झालेल्या टबवर इनॅमलची भुकटी टाकत आणि उडालेली भुकटी कामगाराच्या नाकातोंडात जाई. त्या भुकटीत भरपूर शिसं निघालं.

त्या पाहणीत शिशाशी संबंध येणाऱ्या सत्तरहून अधिक प्रक्रिया सापडल्या. १९११ मध्ये इलिनॉयनं कायदा केला. आणि मग केंद्र सरकारच्या कामगार खात्यानं बाईंना देशभराच्या पाहणीचं काम दिलं. काम कसलं म्हणता? पगार नाही, अधिकार नाही. अहवाल तयार झाला की सरकार तो विकत घेणार. कारखान्याच्या आत पाऊल टाकायचं तर मालकाच्या मर्जीवर. तरीही बाई गेल्या. खाणीत उतरल्या, भट्ट्यांशी उभ्या राहिल्या, उंच शिड्यांवर चढल्या, तेही त्या काळच्या लांब झग्यात.

मालक आणि मॅनेजर यांचं एक ठरलेलं उत्तर असायचं. कामगार अडाणी, हात न धुता जेवतात, म्हणून शिसं पोटात जातं. आम्ही काय करणार? हे उत्तर तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना? आजही गॅरेजात, बांधकामावर, सगळीकडे हेच ऐकू येतं. ॲलिसबाईंनी या उत्तराचा पायाच काढून घेतला. हात धुणं चांगलंच, पण मुख्य वाट नाकाची आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. शिशाची बारीक धूळ आणि वितळलेल्या शिशाचा धूर श्वासातून फुप्फुसात जातो, तिथून रक्तात आणि मग हाडांत साठून राहतो. माणसानं कितीही साबण लावला तरी श्वास घेणं तो थांबवू शकत नाही. म्हणजे दोष कामगाराच्या सवयीत शोधण्याआधी मशीनच्या मांडणीत शोधायला हवा. धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारं हूड बसवा, कोरडं घासण्याऐवजी ओलं घासा, भुकटी उघडी ओतू नका, जमलं तर विषारी माल बदलून दुसरा वापरा. थोडक्यात, हे काम डॉक्टरपेक्षा इंजिनिअरचं जास्त!

बाईंचा स्वभाव भांडखोर नव्हता. मालकाला खलनायक ठरवून त्या सुरुवात करत नसत. नॅशनल लेड या मोठ्या कंपनीतल्या एडवर्ड कॉर्निश यांना त्यांनी सांगितलं की तुमच्या कामगारांना शिशाची बाधा होतेय. त्यांचा विश्वास बसेना. सिद्ध करा म्हणाले. बाईंनी इस्पितळांतून शोधून २२ जणांची यादी समोर ठेवली. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ आणि धूर काबूत आणायची व्यवस्था केली, कामगारांच्या तपासणीसाठी डॉक्टर नेमले. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीत मात्र गोडीगुलाबी चालली नाही. तिथले रंगारी डब्यांच्या छताला शिशाचा रंग द्यायचे आणि डोक्यावर हात धरून तो कोरडा घासायचे. सगळी धूळ तोंडावर. तेव्हा जेन ॲडम्स यांच्या ओळखीतल्या, पुलमनचे शेअर असलेल्या लुईस बोवेन या बाईंनी कंपनीवर दबाव आणला आणि १९१२ मध्ये तिथली व्यवस्था सुधारली. शेअरहोल्डरच्या एका पत्राचा उपयोग कधी कधी दहा अहवालांपेक्षा जास्त होतो तो असा.

आता मोटारीकडे येऊ. चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या मॉडेलच्या कॅडिलॅकमध्ये आला. हँडल मारून हात मोडून घ्यायचे दिवस सरले. पण स्टार्टर आला म्हणजे प्रत्येक गाडीत एक लेड-ॲसिड बॅटरी आली. बॅटरी म्हणजे शिशाच्या जाळ्या आणि त्यात भरलेला शिशाच्या ऑक्साइडचा लगदा. हा लगदा कालवणारे, जाळ्या ओतणारे, प्लेटा जोडणारे हजारो हात लागले. रंगाऱ्यांच्या आरोग्यावरचा बाईंचा अहवाल १९१३ मध्ये आला होता, त्यामागोमाग त्यांनी बॅटरी कारखान्यांवरचा अहवाल दिला. महायुद्धाच्या काळात स्फोटकांच्या कारखान्यांत फिरल्या. १९२२ मध्ये त्यांनी बेन्झीनवर लिहिलं. रबर, डिंक, रंग यांत सढळ हातानं वापरलं जाणारं हे स्वस्त द्रावण रक्त तयार करणारी हाडांतली मगज मारतं, असं सांगितलं. आज बेन्झीन रक्ताचा कॅन्सर करतं हे सर्वमान्य आहे आणि आपल्याकडच्या बी. एस. सिक्स पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापेक्षा जास्त असता येत नाही.

मधल्या काळात एक गंमत झाली. हार्वर्डला औद्योगिक आरोग्य शिकवायला तज्ज्ञ हवा होता. देशभर शोधलं तर बाईंइतकं जाणणारा पुरुष सापडेना! मग १९१९ मध्ये नाइलाजानं का होईना त्यांना असिस्टंट प्रोफेसर केलं. हार्वर्डच्या प्राध्यापकवर्गातली ही पहिली स्त्री. पण अटी तीन. फॅकल्टी क्लबात यायचं नाही, फुटबॉलच्या मॅचची तिकिटं मागायची नाहीत आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही. बाईंनी हो म्हटलं आणि वर्षातले सहा महिनेच शिकवीन, उरलेला वेळ माझ्या पाहण्यांना, असं ठरवून घेतलं. १९३५ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हाही त्या असिस्टंट प्रोफेसरच होत्या. मेकॅनिकलच्या वर्गात मोजून चारजणी असलेल्या आम्हा मुलींना हे वाचून काय वाटलं असेल, ते वेगळं लिहायची गरज नाही.

आणि आता व्हायवातला तो प्रश्न. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना सापडलं की पेट्रोलमध्ये चिमूटभर टेट्राइथिल लेड घातलं की नॉकिंग थांबतं. हे मिजली केमिस्ट म्हणून प्रसिद्ध झाले, पण शिकले होते मेकॅनिकल इंजिनिअरिंग, १९११ ची कॉर्नेलची पदवी. म्हणजे आपल्याच ब्रँचचे! त्यांचे साहेब कोण? तेच स्टार्टरवाले केटरिंग. अल्कोहोल घातल्यानंही नॉकिंग थांबतं हे या मंडळींना माहीत होतं. पण शिशाचं संयुग अगदी थोडं पुरतं आणि त्याचं पेटंट घेता येतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये असं पेट्रोल पंपावर विकायला सुरुवात झाली. नाव ठेवलं ‘इथिल’. नावात शिशाचा उल्लेखही नाही. सुरुवातीला पंपावरची माणसंच हा द्रव पेट्रोलमध्ये मिसळत असत. टेट्राइथिल लेडचं वैशिष्ट्य असं की ते कातडीतूनही आत शिरतं आणि थेट मेंदूवर जातं.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीत, स्टँडर्ड ऑइलच्या बेवे रिफायनरीत ते बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. माणसं पिसाटल्यासारखी करू लागली, काहींना बांधून इस्पितळात न्यावं लागलं. पाचजण मेले, तीसहून जास्त आजारी पडले. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. तेव्हा मिजली यांनी पत्रकारांसमोर तो द्रव हातावर चोळून आणि बाटली नाकाला लावून दाखवली. गंमत म्हणा की शोकांतिका, त्याच्या आदल्याच वर्षी ते स्वत: शिशाच्या बाधेनं आजारी होऊन विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेले होते.

२० मे १९२५ ला वॉशिंग्टनमध्ये सर्जन जनरलनी परिषद बोलावली. उद्योगाचं म्हणणं असं की हा देवदत्त शोध आहे, काळजी घेतली की झालं, आणि धोका आहे म्हणता तर सिद्ध करून दाखवा. ॲलिसबाई विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचा मुद्दा सरळ होता. कारखान्यात शिशावर एक वेळ ताबा ठेवता येईल, तोही पूर्ण नाहीच. पण देशातल्या प्रत्येक रस्त्यावर, प्रत्येक गॅरेजात धुराड्यातून पडणाऱ्या शिशाच्या धुळीवर ताबा कोण ठेवणार? आणि शिसं आज एकदम मारत नाही, ते साठत जातं. तेव्हा दुसरं काही शोधा. येलचे यांडेल हेंडरसन हेही त्यांच्या बाजूनं बोलले.

विक्री थांबवून समिती नेमली गेली. समितीनं ओहायोत सुमारे अडीचशे लोकांची तपासणी केली. ही माणसं कोण होती? ड्रायव्हर आणि गॅरेजातले कामगार. साऱ्या जगाच्या पेट्रोलचा फैसला गॅरेजवाल्यांच्या रक्तावर होणार होता! अवघ्या काही महिन्यांच्या पाहणीवरून जानेवारी १९२६ मध्ये अहवाल आला की बंदी घालण्याइतका आधार दिसत नाही, वापर वाढला तर मात्र पुढेही पाहणी चालू ठेवा. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची पाहणी सरकारनं केलीच नाही. ती जवळपास चाळीस वर्षं उद्योगाच्याच पैशानं चालली. १९६५ मध्ये पृथ्वीचं वय मोजणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी जगभर पसरलेल्या शिशाकडे बोट दाखवलं तेव्हा पुन्हा चक्रं फिरली. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्याला शिसं चालेना. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ मध्ये पूर्ण बंद झालं. भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं आणि जगात शेवटी अल्जीरियात जुलै २०२१ मध्ये. १९२५ ते २०२१! बाईंचं म्हणणं पूर्णपणे ऐकायला जगाला ९६ वर्षं लागली.

बाईंनी मात्र हार मानून हात झटकले नाहीत. त्यांचं औद्योगिक विषांवरचं मोठं पुस्तक १९२५ चंच आहे, आत्मचरित्र १९४३ चं. २२ सप्टेंबर १९७० ला, वयाच्या १०१ व्या वर्षी, कनेक्टिकटमधल्या हॅडलाइम या गावी त्या गेल्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबर १९७० ला, अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा देशव्यापी कायदा झाला.

मित्रांनो, पेट्रोलमधलं शिसं गेलं, पण गॅरेजातून विष गेलं का? बाईंच्या नजरेनं एकदा आपल्या गेटबाहेरच्या रांगेत फिरून बघा. ब्रेक ड्रम उघडला की पोऱ्या कॉम्प्रेसरची हवा मारतो आणि धुरळा सगळ्यांच्या नाकात. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ग्रीसचे हात पेट्रोलनं धुतले जातात, म्हणजे बेन्झीन कातडीवर. पुट्टी कोरडीच घासतात. टू-पॅक रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा लागू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. बॅटरीवाल्याच्या टेबलावर शिशाची पूड आणि शेजारीच चहाचा ग्लास. संध्याकाळी तेच कपडे घालून माणूस घरी जातो आणि पोरगं येऊन पायाला बिलगतं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं सगळ्यांत जास्त घातक. दोन-तीन माणसांचं गॅरेज बहुतेक वेळा कायद्याच्या नजरेबाहेरच राहतं, तिथे इन्स्पेक्टर कधी फिरकत नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे आणि तो महागही नाही. ब्रेकची धूळ हवा मारण्याऐवजी साबणाच्या पाण्यानं भिजवून पुसता येते. पुट्टीला वॉटर पेपर वापरता येतो. चालू इंजिनच्या सायलेन्सरला होजपाइप लावून धूर शेडच्या बाहेर सोडता येतो. बॅटरीच्या टेबलावर छोटा हूड आणि पंखा बसवता येतो. फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन एवढं शिकून आपल्याला हे जमणार नाही? मिस्त्रींना मास्क घाला, हात धुवा असा उपदेश करून येणं सोपं आहे. पण ॲलिसबाईंनी आयुष्यभर सांगितलं ते हेच की आधी यंत्र आणि जागा सुधारा, मास्क शेवटी.

दरवर्षी फायनल इयरला प्रोजेक्टच्या विषयांसाठी आपली धावाधाव होते. सिनियर्सचेच रिपोर्ट थोडेफार बदलून पुन्हा बाइंडिंगला जातात. यंदा आमच्या ग्रुपनं ब्रेक ओला साफ करायचा स्टँड हा विषय सरांकडे दिला आहे. स्प्रे पेंटिंगचा स्वस्त बूथ आणि बॅटरीच्या टेबलाचा हूड हे दोन विषय अजून कोणी घेतलेले नाहीत. घ्यायचे असतील तर घ्या. फक्त ड्रॉइंगला बसायच्या आधी चार दिवस गॅरेजात जाऊन, मिस्त्रींशेजारी बसून, ते काम कसं करतात ते नीट पाहून या.